एका बॉनेटचे दोन गुन्हेगार

१

सोमवारी सकाळी पावणेदहाला भाचीचा फोन आला. "मावशी, कशी आहेस" एवढंसुद्धा तिने विचारलं नाही, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"आहेस तशी निघून ये. दुकानात दोन माणसं गुन्हा कबूल करून बसलीयेत."

"मग मी येऊन काय करू? कबूल केलं म्हणजे मिटलंच की."

"अगं, गुन्हा एकच आहे!"

मी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि निघाले.

माझ्याबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाला प्रश्न पडायला नको. मी तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात रंगाची तपासनीस होते. नवी गाडी समोर आली की पांढऱ्या नळ्यांच्या उजेडात तिच्याभोवती फिरायचं आणि जिथे खोट दिसेल तिथे गोल करायचा, हे माझं काम. निवृत्त झाले तरी खोड काही जात नाही. माझा भाजीवाला वांगी स्वतःच निवडून देतो, उगाच वाद नको म्हणून.

भाचीचा नवरा, म्हणजे आमचे जावईबापू, गाड्यांना मशीनने पॉलिश करून देतात. गाडीच्या रंगावर काचेसारखा एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर म्हणतात. फडकी घासून घासून त्यावर बारीक ओरखड्यांची जाळी धरते. मशीनला पॅड लावून, कंपाउंड म्हणजे घासायची पेस्ट घेऊन तो थर अगदी किंचित उतरवला की जाळी जाते आणि रंग पुन्हा ओला असल्यासारखा दिसतो. सांगायला सोपं, करताना घाम निघतो. काही गाड्यांचं क्लिअर इतकं कडक असतं की मशीन तासभर फिरवा, ढिम्म. आणि जास्त जोर लावला तर थर फाटून खालचा रंग उघडा पडतो. मग ते पॉलिशने भरून येत नाही, पुन्हा रंगच द्यावा लागतो.

दुकानासमोर काळी गाडी उन्हात उभी होती. शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंची. बारा वर्षं जिवापाड जपलेली. संध्याकाळी पाचला त्या न्यायला येणार होत्या. दारं अशी चमकत होती की मला त्यात माझं विस्कटलेलं डोकं दिसलं. बॉनेटच्या डाव्या अर्ध्या भागावर मात्र मशीनचे गोल गोल माग उठले होते, उन्हात हलणारे, पाण्यावर तेल सांडल्यासारखे. आणि बॉनेटच्या मधोमध जी उंच रेघ असते, तिच्यावर बोटाच्या पेराएवढं क्लिअर पार उडालेलं.

आणि हे काम मास्तरांचं होतं.

मास्तर म्हणजे या दुकानाचा कणा. वय त्रेसष्ट. पूर्वी माझ्याच कारखान्यात पॉलिशच्या विभागात होते. जावईबापूंना मशीन धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या हातून कधी रंग गेलेला मी बघितला नव्हता.

ते बाकावर बसले होते. अंगातला एप्रन काढून, घडी घालून मांडीवर ठेवलेला.

"बाई, हात गेला माझा," ते म्हणाले. कारखान्यातल्या सवयीने ते मला अजून बाईच म्हणतात. "शनिवारी बॉनेट मीच केलं. मशीन खाली ठेवलंय. पाच वाजता हेडबाईंची माफी मागतो नि घरी जातो. पुन्हा मशीनला शिवणार नाही."

मी काही बोलणार एवढ्यात मागून आवाज आला.

"मास्तर खोटं बोलतायत. ते मी केलंय."

२

ती चिमणी. तिशीतली बाई, पण चण एवढीशी, म्हणून सगळे चिमणीच म्हणतात. आधी इथे गाड्या धुवायची. मास्तरांनी तिचा हात बघितला आणि तिच्या हातात मशीन दिलं. "बाईच्या मनगटाला झेपणार नाही" असं म्हणणाऱ्यांना त्यांनी तिच्याकडूनच एक अख्खी गाडी करून दाखवली. तेव्हापासून मास्तर म्हणतील ती तिची पूर्व दिशा.

"कधी केलंस?" मी विचारलं.

"शनिवारी. मास्तर गेल्यावर."

"का?"

"सराव म्हणून." आणि तिने मान खाली घातली. इतकं वाईट खोटं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

जावईबापू शटरला टेकून उभे होते. दाढी केलेली नाही, चेहरा उतरलेला, हातातला चहा गार झालेला.

"तुमचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"मी काय बोलू, मावशी? मास्तर जाणार असतील तर हे दुकान कशाला ठेवायचं, एवढंच डोक्यात येतंय." आणि ते आत निघून गेले.

भाची मला कोपऱ्यात घेऊन गेली. "तू शोध काढ. संध्याकाळी मास्तर गेले ना, तर हा माणूस मोडून पडेल. सकाळपासून घास खाल्ला नाहीये त्याने."

पाच वाजायला साडेसहा तास होते. मी पदर खोचला.

आधी दोघांना वेगवेगळं गाठायचं ठरवलं. मास्तरांना बाकावर, चिमणीला धुवायच्या जागेपाशी. दोघांना एकच प्रश्न, "बॉनेटला कोणता पॅड लावला?"

मास्तर क्षणभरही थांबले नाहीत. "पिवळा, मऊ. हलका हात, दोन फेऱ्या. रेघेवर आधी कागदी पट्टी चिकटवली."

चिमणीही थांबली नाही. "पिवळा पॅड. दोनच फेऱ्या, अगदी हलक्या. आणि रेघेवर पट्टी लावली होती, मावशी, शपथ."

मी स्पिरिटने बॉनेट पुसलं. पॉलिशच्या तेलाचा थर बरंच काही झाकून ठेवतो, तो गेला की रंग खरं बोलतो. मग मोठा दिवा मागवून वाकून बघितलं. डावीकडचे ते गोल माग मऊ पॅडचे नव्हतेच. असे माग लोकरी पॅड टाकतो, कडक क्लिअर कापायला वापरतात तो. आणि रेघेवर पट्टी लावली असती तर तिथलं क्लिअर उडालं नसतं.

दोघांनी तंतोतंत एकच उत्तर दिलं होतं, आणि बॉनेटला ते मुळीच मान्य नव्हतं.

३

म्हणजे दोघांचीही कबुली खोटी होती. पण का, तेही कळायला वेळ लागला नाही. चिमणीला वाटत होतं मास्तरांचा हात चुकला, आणि मास्तरांना आपण चुकलो असंच वाटत होतं. एकजण दुसऱ्याला वाचवत होता, दुसरा स्वतःला शिक्षा करून घेत होता. मला दोघांचाही राग आला आणि दोघांवर मायाही आली. मग खरा कोण?

आत भिंतीला पॅड वाळत घातलेले असतात. रोज संध्याकाळी काम संपलं की सगळे पॅड धुऊन खिळ्यांना अडकवायचे, हा मास्तरांचा नियम. मी एकेक चाचपत गेले. पिवळे कोरडे. निळे कोरडे. लोकरी पॅड चार होते. तीन कोरडे ठणठणीत. चौथ्याच्या मधोमध बोट दाबलं, तर गार लागलं.

शनिवारी धुतलेला पॅड सोमवारी ओला राहील, एवढी काही थंडी पडलेली नाही.

"काल दुकान उघडं होतं का गं?" मी भाचीला विचारलं.

"रविवारी? छे! रविवारी बंद असतं."

"किल्ल्या कुणाकडे?"

"एक चिमणीकडे, सकाळी उघडायला. एक आमच्या घरी, खिळ्याला."

"मास्तरांकडे?"

"त्यांनी कधी घेतलीच नाही. म्हणतात, किल्ली आली की काळजी आली."

झालं. मास्तर सुटले. मी मनातल्या मनात हात जोडले. पण चिमणीचं काय?

शेजारी एका शिंप्याचं दुकान आहे. रविवारीही उघडं असतं, कारण लोकांना लग्नाचे कपडे नेमके सोमवारीच हवे असतात. मी पडद्यांचं काम विचारायच्या निमित्ताने आत शिरले. शिंपी तोंडात टाचण्या धरून बोलत होता, तरी मला सगळं समजलं.

"काल? हो, काल चारच्या सुमाराला मशीन चालू होतं की तुमच्याकडे. शटर अर्धं खाली. कोण होतं ते नाही दिसलं."

"एकदाच ऐकलंत?"

त्याने टाचण्या हातात काढून घेतल्या.

"एकदा काय घेऊन बसलात, मावशी! गेले तीन-चार महिने रविवारी असंच चाललंय. मला वाटलं, तुम्ही लोक फार मेहनती."

४

मी परत आले आणि गाडीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले. चार महिने कुणीतरी रविवारी चोरून येतंय आणि पॉलिश करतंय. चोर घेऊन जातात. हा चोर काम करून देत होता! असला चोर माझ्या घरी आला तर मी त्याला जेवू घालूनच सोडेन.

काचेवर आतून कागदी पट्टी चिकटवलेली होती. हीसुद्धा या दुकानाची पद्धत. गाडी आली की आधी एखाद्या दारावर वितभर चौकोन घासून बघायचा, कुठल्या पॅडने किती फेऱ्यांत जाळी जाते ते. जमलं की पट्टीवर लिहून काचेला लावायचं. पट्टीवर चिमणीच्या अक्षरात होतं: कडक. लोकरी, सहा फेऱ्या. मग पिवळा.

"मग मास्तर बॉनेटला नुसता पिवळा का म्हणाले?" मी चिमणीला विचारलं.

"बॉनेट वेगळं आहे ना, मावशी. शनिवारी थराची जाडी मोजायचं गेज लावलं तेव्हा दारावर एकशे दहा मायक्रॉन आली आणि बॉनेटवर दोनशेवर. म्हणजे बॉनेट कधीतरी पुन्हा रंगवलंय. गॅरेजमधला रंग कंपनीसारखा कडक नसतो, मऊ असतो. मास्तर म्हणाले, इथे लोकर लावायची नाही."

"हे पट्टीवर नाही लिहिलं?"

"मास्तर आणि मीच करणार होतो. आम्हाला दोघांना माहीत होतं. मग लिहायचं कुणासाठी?"

"गेजचे आकडे कुणी वाचले?"

"मी. मास्तर हल्ली मलाच वाचायला लावतात. म्हणतात, तुला सवय व्हायला हवी. पट्टीही मीच लिहिते."

ती सहज बोलून गेली, पण मी तिथेच थबकले. मास्तर आणि आकडे दुसऱ्याला वाचायला देणार? कारखान्यात हा माणूस माझ्या हातातून गेज हिसकावून घ्यायचा.

मी पुन्हा बॉनेटवर वाकले. डावीकडे लोकरीचे माग होते. उजवीकडे मात्र कुणी लोकर लावलीच नव्हती, तो भाग शनिवारी होता तसाच होता. मऊ पॅडचं, हलक्या हाताचं, सुंदर काम. पण दिवा तिरका धरला तेव्हा त्यात बारीक जाळी तशीच राहिलेली दिसली. थोडीथोडकी नाही, हातभर. मास्तरांना ती दिसायला हवी होती.

मग मी एक वाईट गोष्ट केली. काचेवरची पट्टी काढली आणि तिच्या जागी दुसरी लावली. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मावशीला चहा हवा.'

"मास्तर, जरा इकडे या. पट्टीवर काय लिहिलंय बघा, मला चष्म्याशिवाय लागत नाही."

ते उठून आले. हातभर अंतरावर उभे राहिले, डोळे बारीक केले आणि ठामपणे म्हणाले, "कडक. लोकरी, सहा फेऱ्या. मग पिवळा."

मला हसू यायला हवं होतं. मी घाईघाईने ती पट्टी फाडली आणि मुठीत चुरगळली.

५

साडेचार वाजता मी जावईबापूंना मागच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"बसा," मी म्हटलं. "पोहणं कसं चाललंय?"

"पोहणं?"

"तुमची बायको दुपारी सांगत होती. चार महिने झाले, दर रविवारी दुपारी पोहायला जातो म्हणून. पोट काही कमी झालं नाही आणि टॉवेल कधी ओला आला नाही, अशी तिची तक्रार आहे. गरीब बिचारी, तिला वाटतं तुम्ही पाण्यात न उतरता नुसते बघत बसता."

ते जवळचं एक फडकं उचलून त्याच्या घड्या घालायला लागले.

"ऐका," मी म्हटलं. "बॉनेट ज्याने बिघडवलं त्याला मशीन उत्तम येतं. माग अगदी एकसारखे आहेत, नवशिक्याचं काम नाही. त्याच्याकडे किल्ली आहे. म्हणजे एकतर चिमणी, नाहीतर तुम्ही. पण चिमणीने स्वतः गेज वाचलं होतं. बॉनेट मऊ आहे हे तिला माहीत होतं, ती स्वप्नातही त्यावर लोकर लावणार नाही. गुन्हा कबूल करतानासुद्धा बिचारीला चुकीचा पॅड सांगता आला नाही. म्हणजे हे काम अशा माणसाचं, ज्याने फक्त काचेवरची पट्टी वाचली. कडक, लोकरी, सहा फेऱ्या. त्याला वाटलं हे सगळ्या गाडीला लागू आहे. तो आत्मविश्वासाने कामाला लागला, मऊ थर भराभर कापला गेला, आणि रेघ फाटली तेव्हा त्याने मशीन बंद केलं. म्हणून पुढचा पिवळा पॅड लागलाच नाही आणि उजवी बाजू तशीच राहिली. आता यात माझं काय चुकतंय ते सांगा."

ते एकदम लहान मुलासारखे रडायला लागले.

"काही चुकत नाही, मावशी."

"अहो, मग सकाळीच का नाही सांगितलंत? तो म्हातारा एप्रनची घडी घालून बसलाय!"

"कसं सांगू? माझी चूक सांगायची तर मी रविवारी इथे काय करत होतो ते सांगावं लागतं. आणि ते सांगायचं तर त्यांचे डोळे सांगावे लागतात. चार महिन्यांपूर्वी एक गाडी परत आली, छतावर जाळी तशीच होती. मी त्यांना काही बोललो नाही. रविवारी येऊन पुसून टाकली. मग पुढची. मग त्याच्या पुढची. मावशी, मला काही येत नव्हतं तेव्हा त्यांनी मला हाताला धरून शिकवलं. मी दुकान काढलं तर मोठ्या ठिकाणची नोकरी सोडून ते माझ्याकडे आले. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू, की तुमचं काम आता पास होत नाही?"

मला या माणसाचा किती अभिमान वाटला म्हणून सांगू! आणि त्याच वेळी त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला.

"आता माझं ऐका," मी म्हटलं. "मी कारखान्यात नवीन होते तेव्हा सहा महिने गाड्यांच्या दारांच्या खालच्या कडा माझ्या नजरेतून सुटत होत्या. माझ्या जागेवरची एक नळी मंद झाली होती, मला काय ठाऊक? पॉलिशवाले माझ्या मागे त्या कडा गुपचूप नीट करायचे. नवी आहे, बाईमाणूस आहे, रडेल, म्हणून. सगळे भले लोक होते. आणि मी आपली टेचात, माझ्यासारखी तपासनीस दुसरी नाही म्हणून! एक दिवस एकजण समोर येऊन उभा राहिला. म्हणाला, 'बाई, तुमच्या दारांच्या कडा रोज आम्ही पुसतो. रडायचं तर रडा, पण ती नळी बदलून घ्या.' मी रडले. मग नळी बदलली. आणि तीस वर्षं मानाने काढली."

जावईबापूंनी डोळे पुसले. "मास्तर?"

"मग दुसरं कोण! तुम्ही त्यांचं काम सांभाळलंत, फार मोठं केलंत. पण चार महिने तुम्ही त्यांना डॉक्टरकडे जाऊ दिलं नाहीत. आता त्यांना वाटतंय हात गेला. हात गेला म्हटल्यावर माणूस घरी जाऊन भिंतीकडे बघत बसतो. डोळ्यांना इलाज आहे."

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. पाचला दहा कमी होती आणि हेडबाई वेळेआधीच हजर झाल्या होत्या.

६

हेडबाईंना भाचीने खुर्ची दिली. मास्तर उठून उभे राहिले, एप्रनची घडी छातीशी धरून. ते बोलणार एवढ्यात मी पुढे झाले.

"मास्तर, आधी मला बोलू द्या. शनिवारचं तुमचं बॉनेट मी तपासलं. उजवी बाजू शिल्लक आहे तुमच्या हातची."

"आणि?"

"मी ते परत पाठवलं असतं."

चिमणीने तोंडावर हात नेला. मास्तर माझ्याकडे बघत होते, की माझ्या आवाजाकडे, कोण जाणे.

"पॅड बरोबर. हात हलका, रेघ राखलेली," मी म्हटलं. "हात होता तसा आहे, मास्तर. मागे राहिलेली जाळी मात्र तुम्हाला दिसली नाही. तुमचे डोळे गेलेत. उद्याच्या उद्या दाखवून घ्या. आता रडायचं तर रडा."

ते रडले नाहीत. हळूच बाकावर बसले. "मग रेघ कुणी फाडली?"

"मी," जावईबापू म्हणाले. आणि मग न थांबता त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्या परत आलेल्या गाडीपासून कालच्या चार वाजेपर्यंत. एरवी मास्तर त्यांना कटाक्षाने शेठ म्हणायचे, अहो-जाहो करायचे. आज ते ऐकता ऐकता लालबुंद झाले.

"गाढवा!" मास्तर ओरडले. "बॉनेटला लोकर लावायच्या आधी गेज कुठे होतं तुझं? हे शिकवलं मी तुला?"

"तुमची पट्टी होती ना, मास्तर. तुमच्या पट्टीवर मी कधी गेज लावलं नाही."

मास्तरांचा राग तिथल्या तिथे विरघळला. त्यांनी जावईबापूंचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. "चार महिने रविवार घालवलेस रे माझ्यापायी," एवढंच म्हणाले, आणि मग दुसऱ्या हाताने चिमणीलाही ओढून घेतलं. "आणि तू, येडे, माझ्यासाठी चोर व्हायला निघालीस? देव तुमचं भलं करो. मला काय बोलावं तेच कळत नाही."

हे सगळं चालू असताना हेडबाई ताठ बसून ऐकत होत्या. गाडी शेवटी त्यांची होती.

"पाच वर्षांपूर्वी झाडाची फांदी पडली होती बॉनेटवर," त्या म्हणाल्या. "तेव्हा रंगवून घेतलं. गाडी देताना हे मी सांगायला हवं होतं."

"नाही बाई, चूक माझी," जावईबापू म्हणाले. "बॉनेट मी नव्याने रंगवून देतो."

"तुम्ही म्हणताय तुमची. हे म्हणत होते त्यांची. ही मुलगी म्हणते तिची." हेडबाईंनी चष्मा काढून पुसला. "पस्तीस वर्षं शाळेत काढली मी. एका फुटक्या काचेसाठी कधी एक हात वर झालेला पाहिला नाही. इथे तीन-तीन! रंगवा सावकाश. मला घाई नाही."

मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. मी चहा करून दिला.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, चांगला पिकलेला. एकाचं आधी आणि दुसऱ्याचं नंतर, अशी दोन ऑपरेशनं झाली. दोन्ही वेळा जावईबापू दवाखान्यात बसून होते आणि चिमणीने एकटीने दुकान चालवलं. आता पट्टीवर प्रत्येक भागाचं वेगळं लिहितात, कुणी विचारो न विचारो.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी मास्तर थेट दुकानात आले. बॉनेट रंगवून आलं होतं आणि हेडबाईंची गाडी उन्हात उभी होती. मास्तर तिच्याभोवती दोनदा फिरले, वाकले, उठले, कुणाला काही बोलले नाहीत. मग चिमणीकडे बघितलं. जावईबापूंकडे बघितलं, त्यांच्या कानामागचे पांढरे केस बोटाने दाखवले आणि हसले. शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि माझा चेहरा बराच वेळ निरखत राहिले.

"बाई," ते हबकून म्हणाले, "तुम्ही केवढ्या म्हाताऱ्या झालात हो!"

एरवी असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता. त्या दिवशी मी पदर तोंडाला लावला आणि हसता हसता मला रडू फुटलं, आणि मास्तरांना तेही अगदी स्वच्छ दिसलं.